आठ आसनांची साडी

शिवणवर्ग काढावा असं सुदेष्णाच्या मनात कधीच आलं नव्हतं. शिवणवर्गच कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता तिच्या दारात येऊन उभा राहिला. सहा मुली आणि दोन मुलगे. प्रत्येकाच्या काखेत बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा, डब्यात सुई, दोरा आणि चार बटणं. कालीपूजा संपली की वर्ग सुरू, असं त्यांना शिलाई-दिदीमणींनी सांगून ठेवलं होतं. शिलाई-दिदीमणी म्हणजे सुदेष्णाची आई. ती श्रावणात वारली हे पोरांना ठाऊक होतं. श्राद्धाच्या जेवणाला आठही जण हजर होते आणि चटणी दोनदा मागून घेतली होती. पण कालीपूजा संपली होती हेही तितकंच खरं होतं.

"दिदीमणींनी सांगितलेलं दिदीमणींनी रद्द केलेलं नाहीय," शिउली म्हणाली. शिउली अकरा वर्षांची, आठ जणांत मोठी, आणि तिचे वडील कोर्टात कारकून होते.

आता हे सांगून टाकलेलं बरं की सुदेष्णाला शिवता येत नव्हतं. अर्ध्या शांतिपूरला जिने सुई धरायला शिकवली तिच्या पोटच्या मुलीला बटणसुद्धा लावता येऊ नये, हा आळीत तीस वर्षं जुना झालेला विनोद होता, आणि लोक तो अजून ताज्यासारखा वापरत. लहानपणी आईने तिला एक रुमाल शिवायला दिला होता. तो सातदा उसवायला लावला. आठव्यांदा सुदेष्णा नकाशाची वही घेऊन बसली, आणि पुढे मुलींच्या शाळेत भूगोलाची बाई झाली. नद्या ती डोळे मिटून काढी. सरळ रेघेत दोरा मात्र तिच्या हातून कधी गेला नाही.

तरी ती पोरांना परत पाठवू शकली नाही. एकच रविवार, एकच रुमाल, असं बजावून तिने त्यांना व्हरांड्यात बसवलं. संकटं नेहमी अशीच घरात येतात, एकच रविवार म्हणून.

पहिला धडा धावदोऱ्याचा. सुदेष्णाने खडू घेऊन फरशीवर आकृती काढली. टाका म्हणजे आगगाडी, कापड म्हणजे डोंगर. गाडी बोगद्यात शिरते, बाहेर पडते, पुन्हा शिरते. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टुकटुकीने, ही समोरच्या घरातली, वय वर्षं नऊ, विचारलं की दिदीमणी तर म्हणायच्या, टाका म्हणजे बदक. बुडी मारतं, वर येतं. आता पिशी, आगगाडी की बदक, ते एकदा ठरवून सांग. पिशी म्हणजे आत्या. आळीची लेक म्हणून सुदेष्णा सगळ्याच पोरांची पिशी होती, आणि आत्याचा मान किती असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

बदक ठरलं.

दुसऱ्या रविवारी कळलं की रुमाल ही नुसती सुरुवात होती. दर वर्षी दिदीमणींच्या वर्गातलं प्रत्येक पोर एक आसन शिवायचं, आणि वसंत पंचमीला सरस्वतीपुढे त्याच आसनावर बसून पुष्पांजली वाहायचं. ज्याचं आसन झालं नाही तो उघड्या फरशीवर बसणार. माघातली फरशी कशी असते ते पिशीला ठाऊक आहेच, असं शिउलीने जाता जाता सांगितलं. सुदेष्णाने भिंतीवरचं पंचांग पाहिलं. जेमतेम तीन महिने होते. एवढ्या वेळात तिने मुलींना अख्खा आफ्रिका खंड शिकवला होता.

आसन म्हणजे लहानशी गोधडीच, तिला इथे कांथा म्हणतात. चार पदरी कापड, वरून धावदोरा. सुदेष्णा बाजारात गेली आणि सहा वार कोरं पांढरं कापड घेऊन आली. आपल्या वर्गातली मुलं चिंध्यांवर शिकणार नाहीत, असं तिने दुकानदाराला न विचारता सांगितलं. त्या रविवारी अकरा सुया मोडल्या. कोऱ्या कापडाची खळ अशी की चार पदरांतून सुई घालणं म्हणजे दारात खिळा ठोकणं. दोन मुलांच्या बोटांतून रक्त आलं. टुकटुकीच्या आलं नाही, पण तिने समानतेच्या भावनेने पट्टी बांधून घेतली.

शेजारच्या अनिमा काकीमा भिंतीवर कोपरं टेकून हे सगळं पाहत होत्या. काकीमांना बोलल्याशिवाय पाहता येत नसे, आणि सुदेष्णाला त्या अजून बुलू या घरच्या नावानेच हाक मारत.

"बुलू, बाई, कांथा कधी नव्या कापडाची करतात? नवं कापड आणि नवी सून, दोन्हींना आधी पन्नास धुण्यांतून जाऊ द्यावं लागतं, मग ती मऊ होतात." मग थोडं थांबून, "तुझ्या आईला हे सांगावं लागलं नसतं."

हे शेवटचं वाक्य त्या दिवसांत सुदेष्णाला दिवसातून चार वेळा ऐकायला मिळे. मासळीबाजारात, शाळेत, औषधाच्या दुकानात. ती दर वेळी मान डोलावी. तिला स्वतःलाही ते दिवसातून चाळीस वेळा ऐकू येई, पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तर जुन्या साड्या हव्या होत्या. इथे कोणीही म्हणेल की घरात आईची ट्रंक भरून साड्या आहेत की. कोणी म्हणालंही. रानाघाटच्या धाकट्या मावशीने फोनवर तीनदा विचारलं होतं, माशांच्या काठाची ती निळी मला आठवण म्हणून दे. सुदेष्णाने तीनदा नाही म्हटलं. ट्रंकेत एकतीस साड्या होत्या. आईच्या घड्या ओळखू येण्यासारख्या होत्या, पदर वर, काठ बाहेर, कोपऱ्याला कोपरा. सुदेष्णाने त्यांवर कडुनिंबाचा पाला पसरला, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, झाकण लावलं आणि किल्ली चष्म्याच्या घरात ठेवली. एकही घडी तिने मोडली नाही. घडी मोडली की आईचा हात त्यातून जाईल, असं काहीतरी तिला वाटे. भूगोलाच्या बाईने असं वाटून घेऊ नये, पण वाटे.

म्हणून तिने मुलांना सांगितलं, प्रत्येकाने घरून एक साडी आणा. आणि कोणी भलतंच काही उचलून आणू नये म्हणून फळ्यावर नीट व्याख्या लिहून दिली: घरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात मऊ, आणि जी आता कोणीही नेसत नाही अशी साडी.

व्याख्या अचूक होती. पुढचा सगळा अनर्थ त्या अचूकपणामुळे झाला.

पण आधी बोहारीण. आळीतल्या जुन्या साड्यांना वाली नसतो असं समजणाऱ्याने संसार केलेला नाही. प्रत्येक घरात कपाटाच्या खालच्या खणात जुन्या कपड्यांचं एक गाठोडं असतं, आणि ते स्टीलच्या डब्याच्या वा कढईच्या वाटेवर असतं. चपला बोहारीण महिन्यातून दोनदा डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येई. त्या महिन्यात तिला सात घरांतून एकच उत्तर मिळालं, साडी पिशीच्या वर्गात गेली. मंडळांच्या घरातल्या सूनबाईंची तर एका साडीसाठी दूध तापवायचं पातेलं अडलं होतं, आणि त्या सुदेष्णाशी बोलेनाशा झाल्या. चपला पाटी उतरवून व्हरांड्यात बसली आणि पाणी मागून घेऊन भांडली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की शिलाई-दिदीमणींनी इतकी वर्षं वर्ग चालवला, पण आळीतल्या साड्यांना कधी हात लावला नाही; त्या आपलं कापड आपल्याच घरातून काढत. पोटावर पाय द्यायची रीत त्यांच्याकडे नव्हती.

सुदेष्णाला राग आला होता, आणि रागावलेला माणूस अर्धंच ऐकतो. पोटावर पाय एवढं तिने ऐकलं.

आठ आसनांचं कापड पसरायला व्हरांडा पुरेना. मिलनतीर्थ क्लबची कॅरमची खोली रविवारी सकाळी रिकामी असे, म्हणून तिने क्लबचे सेक्रेटरी हाबुलदा यांना सहज विचारलं. हाबुलदांना सहज विचारलेलं आवडत नसे. अर्ज तीन प्रतींत हवा होता. अर्ज आल्यावर प्रश्न निघाला, शिवण हे क्रीडा उपसमितीकडे जातं की संस्कृती उपसमितीकडे. कॅरमची खोली क्रीडाकडे होती. आसन सरस्वतीचं म्हणून संस्कृतीकडे. दोन्ही उपसमित्यांत तेच पाच जण होते, तरी त्यांनी दोन बैठका घेतल्या आणि एकमेकांना पत्रं लिहिली. मग कोणालातरी आठवलं की जगद्धात्री देवीच्या मिरवणुकीतल्या जुन्या मारामारीनंतर क्लबात टोकदार हत्यार आणायला बंदी आहे. सुई टोकदार असते हे नाकारता येईना. अखेर तोडगा निघाला: सुया दारात मोजून आत घ्यायच्या, मोजून बाहेर सोडायच्या, नोंदवहीत सही.

पहिल्या रविवारी आत चोवीस गेल्या आणि बाहेर तेवीस आल्या. सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून शोधलं. सुई मिळाली नाही. संध्याकाळी क्लबची सभा होती, आणि सुदेष्णाला मुद्दाम बोलावलं होतं, कारण पहिलाच ठराव तिच्या आईच्या शोकाचा होता. श्रावणापासून तो राहून गेला होता. सगळे मान खाली घालून एक मिनिट उभे राहिले. मग अध्यक्षमहाशय आपल्या गादीच्या खुर्चीवर गंभीरपणे बसले आणि बसण्यापेक्षा पुष्कळ वेगाने उठले.

सुदेष्णा हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबेना, आणि तिला मागच्या दारी नळावर जाऊन उभं राहावं लागलं. हाबुलदा तिथे आले आणि म्हणाले की चोविसावी मिळाली, तेवढी सही करून टाक. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

आता ती साडी. आठ घरांतून आठ साड्या आल्या, पण टुकटुकीने आणलेली सुदेष्णाने दोनदा हातात घेऊन पाहिली. पांढरी, बारीक काळ्या काठाची, हातमागाची. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. मुठीत धरली तर मुठीत काही आहे असं वाटू नये. बाकीच्या साड्या आतल्या पदरांना ठीक होत्या, पण वरचं अंग आठही आसनांना हिचंच द्यायचं, म्हणजे टाके उठून दिसतील, असं तिने ठरवलं. फूटपट्टी घेतली, बारा हातांचे आठ सारखे भाग पाडले आणि कात्री चालवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कापड सरळ कापलं. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या ठाकुमा रस्ता ओलांडून आल्या. सरोजबासिनी ठाकुमा, वय चौऱ्याऐंशी, टुकटुकीच्या आजी. चार वर्षांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला सून मिताली, मागे रडून लाल झालेली टुकटुकी. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या, श्वास जमवला, आणि आठ तुकड्यांची चळत मांडीवर घेऊन एकेका तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"मी आता मरू कशात?" त्यांनी विचारलं.

रागाने नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं.

ती साडी त्यांनी स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी बाजूला ठेवली होती. घरच्याच मागावरची. वीस वर्षं नेसून, मऊ करून, नीट घडी घालून, कापूर ठेवून. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, टुकटुकीलासुद्धा. पण फळ्यावर जी व्याख्या होती ती त्या साडीला तंतोतंत लागू पडत होती, सगळ्यात जुनी, सगळ्यात मऊ, कोणीही नेसत नाही. आणि टुकटुकी आज्ञाधारक मुलगी होती.

सुदेष्णाने जमिनीवर बसून माफी मागितली. नवी साडी आणून देते म्हणाली, हव्या तितक्या नंबरी सुताची. ठाकुमांनी मान हलवली.

"नवी तर सगळेच गुंडाळतात गं. कोरी, कडक. जन्मभर मऊ नेसले, आणि शेवटी काय म्हणून टोचून घेऊ? तेव्हा मला 'नको' म्हणता तरी येणारेय का?" मग काठी टेकून उठता उठता त्या म्हणाल्या, "तुझ्या आईची एक पांढरी दे. तिच्या मऊ असायच्या. आणि तिची नेसून गेले तर ओळखीचं कोणीतरी सोबत आहे असं वाटेल."

सुदेष्णा हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. बघते म्हणाली.

बघते म्हणून तिने पंधरा दिवस काढले. आळीला तेवढे दिवस पुरून उरले. अनिमा काकीमांचं मत पडलं की तुकडे परत जोडून द्यावेत. मेलेल्या माणसाला शिवण कोण मोजतंय. हाबुलदांनी चौकशी समिती नेमायची तयारी दाखवली. चपला बोहारीण पाटी उतरवून म्हणाली की माझ्याकडे गेली असती तर निदान कढई मिळाली असती. मंडळांच्या घरातल्या सूनबाई पुन्हा बोलायला लागल्या, कारण आपल्यापेक्षा मोठं नुकसान झालेलं कोणी भेटलं की माणसाचा जीव जरा हलका होतो. शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी काळजीने विचारलं, भूगोल तरी नीट चाललाय ना?

एकटी मिताली वेगळंच सांगून गेली. सासूबाई रक्तदाबाची गोळी उशीखाली लपवायच्या, ती आता मागून घेतात. परवा खिचडी खाल्ली, वर नव्या गुळाची खीर, पायेश, खाल्ली. साडीची सोय होईपर्यंत आपल्याला जाता यायचं नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलंय. "पिशी," मिताली हळूच म्हणाली, "सावकाश बघ."

पण टुकटुकी वर्गाला यायची थांबली होती. आठातलं एक आसन तसंच पडून होतं. आणि सुदेष्णाला कळत होतं की पोरीने काही चूक केलेली नाही; चूक अशा बाईची होती जी स्वतःची ट्रंक बंद ठेवून दुसऱ्यांच्या ट्रंका उघडायला सांगत होती. हे एकदा कळलं की मग त्याचं काही करावं लागतं, हाच त्यात त्रास.

शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर तिने ट्रंक उघडली. पाला वाळून चुरा झाला होता. वरून तिसरी पांढरी होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, पलंगावर ठेवली आणि घडी मोडली. एक मोड, दुसरा मोड, पदर सुटला. मग साडी संपली.

तिला वाटलं, कुठेतरी अडकली असेल. तिने झटकून पाहिली. सहा हात होती. कडेला सरळ कातर होती, आणि कातरीवर बारीक, अगदी सारख्या टाक्यांची दुमड. तिने दुसरी उघडली. सहा हात. निळी, माशांच्या काठाची. सहा हात. तासाभरात पलंगावर, खुर्चीवर, जमिनीवर एकतीस अर्ध्या साड्या पसरल्या होत्या. पदराचा भाग ठेवलेला, निऱ्यांचा भाग गेलेला. आणि घडी अशी, की कातर आत जावी आणि वरून साडी पूर्ण दिसावी.

वर्ग एकतीस वर्षं चालला होता.

आई शेवटची कितीतरी वर्षं त्याच तीन साड्या आलटून पालटून नेसायची. सुदेष्णा चिडायची, तेव्हा म्हणायची, बाकीच्या चांगल्या आहेत गं, जपून ठेवल्यात. अर्ध्या का ठेवल्या, हे विचारायला आता कोणी नव्हतं. कदाचित पदर कापवला नसेल. कदाचित मुलीने कधी ट्रंक उघडलीच तर एकदम रिकामी दिसू नये, एवढंच असेल. रानाघाटच्या मावशीला तीनदा बाणेदारपणे दिलेला नकार आठवून तिला मध्येच हसू आलं. पाच महिने तिने किल्ली चष्म्याच्या घरात जपली होती, आणि पहारा दिला होता तो एकतीस अर्ध्यांवर.

दोन पांढऱ्या अर्ध्या घेऊन ती समोर गेली. ठाकुमा देवापुढे बसल्या होत्या. सुदेष्णाची नजर त्यांच्या आसनावर गेली. जुनं, उसवलेलं, कडेला वेडावाकडा मोर, बहुधा टुकटुकीच्या बापाच्या हातचा. आणि खालचं कापड निळं. काठावर मासे होते.

मग तिला एकेक दिसायला लागलं. अनिमा काकीमांच्या पाटावरचं पिवळं. चपला डोक्यावर पाटीखाली ठेवायची ती लाल चौघडी. अध्यक्षांच्या खुर्चीतली गादीसुद्धा, जिच्यात ती सुई गेली होती. अख्ख्या आळीच्या बुडाखाली आईच्या साड्या होत्या, आणि ट्रंक राखत बसली होती ती एकटी.

तिने ठाकुमांना सगळं सांगितलं. ठाकुमांनी दोन्ही अर्ध्यांवरून अंगठा फिरवला.

"अर्धीत काय करू? मी काय अर्धीच मरणारेय?"

"दोन अर्ध्या जोडून देते."

"दोन्हींना पदर आहेत."

"हो."

ठाकुमांनी विचार केला. "असू दे. यमाला कुठला धरायचा ते कळणार नाही. पण शिवण टोचता कामा नये. सांगून ठेवते."

अशा रीतीने वर्गाच्या कामात आणखी एक काम वाढलं. रविवारी टुकटुकीला हाताला धरून आणलं, आणि दोन पांढऱ्या अर्ध्या कातरीला कातर लावून जमिनीवर ठेवल्या. एकच सरळ शिवण. आईच्या क्रमात हा रुमालानंतरचा धडा होता. साडीचा पन्हा मोजला तर पोरांच्या हाताच्या बरोबर आठ विती भरला. प्रत्येकाला एक वीत. पोरांनी एरवी कधी मोडली नाही इतकी मान मोडून, जिभा बाहेर काढून, बदकांना बुड्या मारायला लावल्या. शिवण झाली. मिरवत समोर नेली.

ठाकुमांनी डोळे मिटले आणि शिवणीवरून अंगठा नेला. तिसऱ्या वितीवर अंगठा थांबला. "टोचतंय. उसवा."

पुढच्या रविवारी पाचवी वीत टोचली. त्याच्या पुढच्या रविवारी पहिली आणि सातवी. वसंत पंचमी आली. आठ आसनं झाली, एकही चौकोनी नव्हतं, आणि आठ पोरं पिवळे कपडे घालून, पूजेआधी बोरं न खाल्ल्याची शपथ घेऊन, ठाकुमांच्या साडीवर बसून पुष्पांजली वाहून आली. ठाकुमाही काठी टेकत आल्या आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, माझ्यावर नीट बसा. फाल्गुन लागला. शिवण अजून चालूच होती. तिसरी वीत, जी सगळ्यांत आधी टोचली होती, ती पुन्हा टोचायला लागली. शिउलीने मुद्दा काढला की गेल्या आठवड्यात तीच वीत बरी होती, मग आपोआप कशी बिघडली? मितालीने तिच्या हातावर नारळाचा लाडू ठेवला आणि सांगितलं, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा आहे, वाद घालू नये.

फाल्गुनातल्या एका रविवारी शिउलीला ताप आला. तिची वीत, आठवी, उसवलेलीच राहिली होती. उरलेले सात जण सुदेष्णाकडे पाहत राहिले. तिने आईचा डबा उघडला, सुईत दोरा ओवला, चौथ्या प्रयत्नात, आणि एक वीत शिवली. पाऊण तास लागला. टुकटुकीने फक्त एकदा तिचं मनगट धरून थोडं खाली केलं.

त्या दिवशी साडी घेऊन ती एकटीच समोर गेली. ठाकुमांनी डोळे मिटले. अंगठा पहिल्या वितीवरून निघाला, दुसरी, तिसरी, कुठेही न थांबता सातवीपर्यंत आला. आठवीवर थांबला. मागे गेला, पुन्हा आला.

"ही कोणाची?"

"माझी."

ठाकुमांनी डोळे उघडले. "तुझा तो रुमाल दिदीमणींनी किती वेळा उसवायला लावला होता?"

"सात."

"मग ही पहिली समज," ठाकुमा म्हणाल्या. "उसव."

सुदेष्णा देवापुढच्या निळ्या आसनावर बसली. कात्री तिने मागितली नाही. आईने दाखवलं होतं तसं सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत ती उसवू लागली. बाहेर कुठेतरी माग चालू होता. दोरा ओढताना कापड गोळा झालं, तशी तिने घाईने झटका दिला.

"हळू," ठाकुमा म्हणाल्या. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "घाई नाही. मला कुठे जायचंय?"